मर्यादेखालचं शिसं

लहान मुलाच्या रक्तात किती शिसं आढळलं म्हणजे काळजी करायची, या एकाच प्रश्नाला अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं साठ वर्षांत सात वेगळी उत्तरं दिली. १९६०च्या दशकात उत्तर होतं ६०, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅम. (मायक्रोग्रॅम हा ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पुढे रक्तातल्या शिशाचे सगळे आकडे याच मापातले आहेत.) १९७१मध्ये तो आकडा ४०वर आला, १९७५मध्ये ३०वर, १९८५मध्ये २५, १९९१मध्ये १०, २०१२मध्ये ५ आणि २०२१मध्ये ३.५. या काळात मुलांची शरीरं नाजूक झाली नाहीत की शिशाचे गुणधर्म पालटले नाहीत. ज्या मुलाच्या रक्तात ५० मायक्रोग्रॅम शिसं आहे, ते १९६५ साली निरोगी मुलांत मोजलं गेलं असतं. आज त्याच आकड्यावर डॉक्टर लगोलग औषधोपचार सुरू करतात. बदललं ते नुकसान पाहण्याचं आपलं सामर्थ्य. हवा, पाणी, अन्न आणि घरातल्या वस्तू यांतून अंगात जाणाऱ्या विषांबद्दल जेव्हा ‘सुरक्षित मर्यादा’ सांगितली जाते, तेव्हा तो आकडा आपल्या शरीरानं ठरवलेला असावा असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा तो शरीरानं ठरवलेला नसतो. त्या काळच्या विज्ञानाला कुठवरचं नुकसान दिसत होतं, एवढीच ती नोंद असते. हे शिशाच्या बाबतीत सर्वांत स्वच्छ दिसतं, कारण दुसऱ्या क्वचितच एखाद्या प्रदूषकाचा इतका दीर्घ आणि इतका बारकाईनं अभ्यास झाला आहे.

शिसं शरीराला कशासाठीही लागत नाही. लोह, जस्त, तांबं हे धातूसुद्धा जास्त झाले तर घातक ठरतात, पण थोडे तरी हवेच असतात. शिशाची गरज शून्य आहे. तरीही शरीर त्याला आत घेतं, कारण शिशाचा आयन बऱ्याच बाबतींत कॅल्शियमसारखा वागतो. अन्नातलं कॅल्शियम आणि लोह शोषून घेणारी आतड्यातली यंत्रणा त्यालाही ओढून घेते. मोठ्या माणसानं गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग रक्तात उतरतो. लहान मुलांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर जातं, आणि मूल लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या बाबतीत उपाशी असेल तर त्याहून वाढतं. रक्तात आल्यावर शिसं हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या विकरांना अडवतं. मेंदूत त्याचा उपद्रव अधिक खोल असतो. एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो कॅल्शियमच्या इशाऱ्यावर, आणि आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत याच निरोपांच्या ये-जा करण्यावरून कोणते जोड टिकवायचे आणि कोणते छाटायचे हे मेंदू ठरवत असतो. नेमक्या त्या वेळी कॅल्शियमच्या जागी शिसं बसलं तर घडणच थोडी वेगळी होते. मात्रा मोठी असेल तर पोटात कळा येतात, झटके येतात, मूल बेशुद्ध होतं, दगावतं. मात्रा लहान असेल तर काहीच दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही, आईच्या लक्षात यावं असं एकही चिन्ह नाही.

शिसं विषारी आहे हे माहीत नव्हतं म्हणून ते जगभर पसरलं, असं म्हणता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आजारी मुलांच्या दुखण्याचा माग काढत तो घरांच्या व्हरांड्यावरच्या आणि कठड्यांवरच्या रंगापर्यंत नेला होता. रंगाची पूड मुलांच्या बोटांना लागते आणि बोटं तोंडात जातात, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. पुढे १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना आढळलं की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळलं की इंजिनाचं ठोके देणं थांबतं. १९२३मध्ये हे पेट्रोल विक्रीला आलं. १९२४च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले, अनेकांना इस्पितळात न्यावं लागलं आणि पाच जण मरण पावले. १९२५च्या मे महिन्यात सरकारनं बोलावलेल्या परिषदेत औद्योगिक आजारांच्या तज्ज्ञ डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी बजावलं की कारखान्यातला अपघात हा खरा धोका नव्हे. रस्त्यारस्त्यावर धुराबरोबर सुटणारं, हळूहळू साठत जाणारं शिसं हा खरा धोका आहे. त्यांचं म्हणणं नोंदलं गेलं आणि पेट्रोल विकत राहिलं.

त्या निर्णयाला पुढची चाळीस वर्षं वैज्ञानिक आधार पुरवला रॉबर्ट किहो यांनी. सिनसिनाटीतल्या केटरिंग प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते आणि शिशाचं रसायन विकणाऱ्या इथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागारही. त्यांची मांडणी अशी होती: शिसं निसर्गात असतंच, त्यामुळे ते प्रत्येकाच्या शरीरात थोडंफार असणारच, जेवढं आत येतं तेवढं शरीर बाहेर टाकतं, आणि रक्तातलं प्रमाण ८०च्या खाली असेल तर माणसाला काही होत नाही. ज्याला यापेक्षा कमी मात्रेत धोका वाटतो त्यानं पुरावा आणावा. ही मांडणी वरवर पाहता शास्त्रशुद्ध होती. किहो मोजमाप करत, आकडे प्रसिद्ध करत. शहरापासून दूर राहणाऱ्यांत शिसं किती असतं हे पाहायला त्यांनी मेक्सिकोतल्या एका खेड्यातल्या लोकांची तपासणी केली. त्यांच्याही अंगात शिसं निघालं, तेव्हा ते नैसर्गिकच असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. पण ते लोक ज्या मातीच्या भांड्यांत शिजवत आणि जेवत होते, त्यांना शिशाची झिलई होती. पर्यावरणातल्या विषाबद्दल विचार करताना हा अडथळा वारंवार येतो. तुलना करायला ज्याच्या अंगात विष गेलेलंच नाही असा माणूस लागतो, आणि विष पुरेसं पसरलं की तसा माणूस उरत नाही. मग सरासरी हीच निसर्ग समजली जाते.

हा समज मोडला तो आरोग्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका शोधातून. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजत होते, आणि १९५६ साली त्यांनी दिलेला ४५५ कोटी वर्षांचा आकडा आजही जवळपास तसाच मानला जातो. त्यासाठी दगडांतल्या शिशाचे समस्थानिक फार नेमके मोजावे लागत, पण नमुने कितीही जपले तरी कुठून तरी बाहेरचं शिसं त्यांत शिरत असे. प्रयोगशाळेची हवा, नळाचं पाणी, काचेची भांडी, माणसांचे केस आणि कपडे, सगळ्यांतच शिसं होतं. पॅटरसननी कॅलिफोर्नियात अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभी केली आणि मग प्रश्न उलटा विचारला: हे आलं कुठून? १९६५ साली त्यांनी दाखवलं की अमेरिकी माणसाच्या रक्तातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभर पट आहे. ग्रीनलँडच्या बर्फाच्या थरांत त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना औद्योगिक काळातली शिशाची वाढ वर्षागणिक नोंदलेली दिसली, आणि प्राचीन पेरूतल्या माणसांच्या हाडांच्या तुलनेत आधुनिक हाडांत कित्येकशे पट शिसं आढळलं. औद्योगिक युगाआधी माणसाच्या रक्तात शिसं ०.०१६ मायक्रोग्रॅमच्या आसपास असावं असा अंदाज १९९२ साली मांडला गेला. त्या पट्टीवर ठेवलं तर आजची ३.५ची मर्यादासुद्धा नैसर्गिक पातळीच्या दोनशे पट ठरते. किहोंची आकडेमोड बहुतेक प्रामाणिक होती असं धरलं, तरी त्यांचा शून्यबिंदू चुकीचा होता, आणि शून्यबिंदू चुकला की त्यावर बेतलेली प्रत्येक मर्यादा चुकते.

लहान मात्रेनं नुकसान होतं हे दाखवायचं तर मात्रा आणि नुकसान दोन्ही मोजायला हवीत. रक्त फक्त गेल्या काही आठवड्यांची गोष्ट सांगतं. मुलाच्या पहिल्या काही वर्षांत काय झालं हे त्यातून कळत नाही. हर्बर्ट नीडलमन या बालरोग आणि मनोविकारतज्ज्ञानं त्यासाठी दुधाचे दात वापरले. दाताच्या डेंटिनमध्ये शिसं साठत जातं आणि दात पडेपर्यंत तिथंच राहतं. मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी आणि समरव्हिल या गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दात त्यांनी गोळा केले, शिक्षकांकडून मुलांच्या वागण्याबद्दल अभिप्राय घेतले आणि बुद्धिमापन चाचण्या केल्या. १९७९ साली निष्कर्ष आले: एकाही मुलात विषबाधेचं लक्षण नव्हतं, तरी ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांचा बुद्ध्यंक सरासरी चारेक गुणांनी कमी होता, आणि शिसं जितकं जास्त, तितकी अवधान न टिकण्याची, सांगितलेलं न कळण्याची शिक्षकांची तक्रार जास्त. अकरा वर्षांनी याच मुलांकडे परत पाहिलं तेव्हा जास्त शिसं असलेल्यांनी शाळा अर्धवट सोडण्याचं प्रमाण सुमारे सात पट निघालं. नीडलमन यांच्यावर वैज्ञानिक गैरप्रकाराचे आरोप झाले, चौकशा झाल्या, आणि गैरप्रकार सिद्ध झाला नाही. त्यांच्या विश्लेषणात काही त्रुटी होत्या, पण त्या दुरुस्त करूनही मूळ निष्कर्ष टिकला.

यानंतर पुरावा झपाट्यानं जमत गेला, आणि त्याला एका वेगळ्याच निर्णयानं हातभार लावला. १९७०च्या दशकात अमेरिकेत गाड्यांना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचं ठरलं. शिशानं ते निकामी होत, म्हणून शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं. मुलांच्या मेंदूसाठी जे पाऊल उचललं गेलं नव्हतं, ते एका यंत्रासाठी उचललं गेलं. पण परिणाम मुलांपर्यंत पोचला: १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं जसजसं उतरलं, तसतसं देशभरच्या लोकांच्या रक्तातलं शिसं सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलं, आणि १९९०च्या सुमारास सरासरी ३च्याही खाली आली. आता कमी मात्रेची मुलं अभ्यासायला मिळू लागली. २००५ साली ब्रूस लॅनफिअर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या सात दीर्घकालीन अभ्यासांतली १,३३३ मुलं एकत्र घेऊन हिशेब मांडला. रक्तातलं शिसं १०वरून २०वर गेलं तर बुद्ध्यंक १.९ गुणांनी घटतो, २०वरून ३०वर गेलं तर आणखी १.१ गुणांनी, पण २.४वरून १०वर जाताना, म्हणजे तोवर ‘सुरक्षित’ समजल्या गेलेल्या टप्प्यात, तो ३.९ गुणांनी घटतो. प्रत्येक मायक्रोग्रॅममागचं नुकसान सर्वांत जास्त होतं ते मर्यादेखाली.

इथं एक जुना आणि वजनदार आक्षेप येतो. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससपासून विषशास्त्राचा पाया असा की मात्रा विष ठरवते. पाणीसुद्धा अति प्यायलं तर मारतं. मग अतिसूक्ष्म मात्रांची भीती घालणं अशास्त्रीय नाही का? आक्षेपाचा पाया बरोबर आहे, निष्कर्ष नाही. मात्रेवर परिणाम अवलंबून असतो याचा अर्थ कमी मात्रेत परिणाम नसतोच असा होत नाही. तो किती असतो हे प्रत्येक पदार्थाबाबत वेगळं मोजावं लागतं. प्रत्येक कृत्रिम रसायनाला, प्रत्येक मात्रेत घातक म्हणणाऱ्यांशी माझं जुळत नाही. अनेक पदार्थ शरीर निस्तरून टाकतं आणि त्यांना खरोखरच निरुपद्रवी पातळी असते. शिशाबाबत तशी पातळी शोधूनही सापडलेली नाही, आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना शिशाची कोणतीही ज्ञात सुरक्षित पातळी नाही असं सांगते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. शिसं जास्त असतं ते गरिबांच्या वस्तीत. तिथं घरं जुनी, रंग सोललेले, रस्ता दाराशी. आणि तिथंच आहार अपुरा, शाळा कमकुवत, आईबापांचं शिक्षण कमी. मग बुद्ध्यंकातला फरक शिशाचा की गरिबीचा? संशोधक आकडेशास्त्रानं या गोष्टी वजा करतात, पण वजाबाकी कधीच पूर्ण होत नाही, हे मान्य करायला हवं. याचं सर्वांत समाधानकारक उत्तर न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातून आलं. तिथं १९७२-७३मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांच्या आयुष्याचा मागोवा आजवर घेतला जात आहे. त्या काळी न्यूझीलंडच्या पेट्रोलमध्ये शिसं जगात सर्वाधिक असणाऱ्यांपैकी होतं आणि गाड्या सगळ्याच वस्त्यांतून धावत होत्या. त्यामुळे तिथं श्रीमंत आणि गरीब मुलांच्या रक्तातल्या शिशात फरकच नव्हता. अकराव्या वर्षी सरासरी ११ मायक्रोग्रॅम. गरिबीची गुंतागुंत अशी आपोआप सुटली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वयाच्या ३८व्या वर्षी, बालपणीच्या दर ५ मायक्रोग्रॅम जादा शिशामागे बुद्ध्यंक सुमारे १.६ गुणांनी कमी आढळला, आणि हीच माणसं आईवडिलांच्या तुलनेत सामाजिक-आर्थिक पायरीवरही खाली सरकलेली होती. म्हणजे गरिबीमुळे शिसं वाट्याला येतं हे खरं असलं, तरी शिशामुळे गरिबी वाट्याला येते हेही खरं आहे. गरिबी वेगळी काढून शिशाला निर्दोष ठरवता येत नाही.

मग विचारलं जातं, तीनचार गुणांनी असं काय बिघडतं? १०४च्या जागी १०० बुद्ध्यंक असलेला मुलगा शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. शिशाच्या पेट्रोलच्या काळात वाढलेल्या पिढीनंच तर कारखाने आणि धरणं उभारली. एका मुलापुरतं पाहिलं तर हा फरक खरंच दिसत नाही, कोणताही डॉक्टर तो दाखवू शकत नाही. पण ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ साली जे दाखवून दिलं ते इथं तंतोतंत लागू पडतं: एखादी व्यक्ती का आजारी पडली आणि एखादा समाज का आजारी आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. बुद्ध्यंकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलं तर एक लाख मुलांत सुमारे २,२८० मुलं ७०च्या खाली असतात. त्यांना शिकण्यासाठी विशेष मदत लागते. सरासरी फक्त ५ गुणांनी खाली आली तर हीच संख्या ४,७८०च्या आसपास जाते, दुपटीहून अधिक. दुसऱ्या टोकाला १३०च्या वरची मुलं २,२८०वरून ९८०वर येतात. मधल्या बहुसंख्य मुलांना काहीच कळत नाही, आणि दोन्ही टोकांना समाजाचं चित्र बदलतं. ज्या अडीच हजार मुलांची भर पडली त्यांतल्या एकाही मुलाकडे बोट दाखवून ‘हे शिशामुळे’ असं म्हणता येत नाही. खटला भरायला एकही फिर्यादी नाही, मृत्यूच्या दाखल्यावर एकही नोंद नाही. किहोंची ‘पुरावा आणा’ ही अट इतकी वर्षं टिकली ती याचमुळे.

अर्थात शिशाच्या माथी सगळंच मारलं जाऊ नये. १९९०च्या दशकात अमेरिकेत गुन्हे घटले ते पेट्रोलमधलं शिसं गेल्यामुळे, असा दावा बराच गाजला. नंतरच्या पडताळणीत दिसलं की संबंध असला तरी तो दाव्यापेक्षा पुष्कळ लहान आहे आणि नकारात्मक निकाल कमी छापले गेल्यानं तो फुगलेला होता. शिशानं रक्तदाब वाढतो आणि हृदयविकार बळावतो हे पक्कं आहे. पण त्यामुळे २०१९ साली जगात किती मृत्यू झाले याचा एक मान्यवर अंदाज ९ लाखांच्या आसपासचा, तर जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०२३मध्ये दिलेला ५५ लाखांचा आहे. सहा पटींचा फरक. कमी आकडा खरा मानला, तरी तो पुरेसा मोठा आहे.

मर्यादा ओलांडली की उपचार करू, ही वाटही बंद आहे. अमेरिकेत रक्तात २० ते ४४ मायक्रोग्रॅम शिसं असलेल्या ७८० लहान मुलांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना शिसं बाहेर काढणारं सक्सिमर हे औषध दिलं, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी गोळी. २००१ साली निकाल आला: औषधानं रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धी, वागणूक, भाषा यांत काहीही फरक पडला नाही. झालेली घडण परत उलगडत नाही. शिवाय रक्त साफ झालं म्हणजे शरीर साफ झालं असंही नाही. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण अंगातलं बहुतेक शिसं हाडांत जाऊन बसतं आणि तिथून निघायला दशकं लागतात. हाड ही शिशाची मुदत ठेव आहे, आणि ती मोडली जाते ती गरोदरपणात, स्तनपानात, उतारवयात हाडं झिजताना. ऑस्ट्रेलियात ब्रायन गल्सन यांनी हे फार सुंदर रीतीनं दाखवलं. ऑस्ट्रेलियातल्या शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण इतर देशांतल्या शिशापेक्षा वेगळं असतं. परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या बायका गरोदर राहिल्या तेव्हा त्यांच्या रक्तात मायदेशाचं शिसं पुन्हा उमटलं. मुलीनं बालपणी गिळलेलं शिसं असं पुढच्या पिढीच्या वाट्याला येतं. भारतात हे अधिक गांभीर्यानं घ्यावं लागतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली, आणि लोहाची उणीव असलेलं आतडं शिसं जास्त शोषतं. परदेशातल्या धडधाकट मुलांवर बेतलेला आकडा आपल्या मुलांना तसाच लावता येणार नाही.

पेट्रोलमधलं शिसं भारतातून १ फेब्रुवारी २००० रोजी गेलं. मुंबईसह चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल १९९५पासूनच मिळू लागलं होतं. अल्जीरियानं २०२१मध्ये विक्री थांबवली आणि गाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल जगातूनच संपलं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. तरी युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालाच्या अंदाजानुसार भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं ५च्या वर आहे. ते आता गाड्यांच्या धुरातून येत नाही. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड. न्यू जर्सीतल्या भारतीय दुकानांतून आणि मुंबई-दिल्लीतून घेतलेला सिंदूर तिथल्या संशोधकांनी तपासला, तेव्हा बहुतेक नमुन्यांत शिसं निघालं, काहींत अतोनात. भंगारातल्या मिश्र धातूपासून बनलेली काही ॲल्युमिनियमची आणि हिंडालियमची भांडी आंबट पदार्थात शिसं सोडतात, आणि २०२५मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा आयात भांड्यांबद्दल इशारा दिला. औद्योगिक रंग वरच्या नियमाच्या बाहेर आहेत. आणि जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी बहुतांश आज जातं बॅटऱ्यांत. इन्व्हर्टरची, रिक्षाची, ट्रकची बॅटरी निकामी झाली की ती भंगारवाल्याकडे जाते. तिथून काही परवानाधारक कारखान्यात पोचतात आणि काही वस्तीच्या कडेला फोडल्या जातात, आम्ल जमिनीत ओतलं जातं, पत्रे उघड्या भट्टीत वितळवले जातात. सेनेगलमधल्या डाकारजवळच्या थियारोय वस्तीत अशाच उद्योगामुळे २००७-०८मध्ये १८ मुलं दगावली.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि पोटापाण्याचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. भट्टीवर राबणाऱ्याला दुसरं काम हवं, आणि कडक नियमांनी माल महाग झाला तर गरिबालाच झळ बसते. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला की चित्र पालटतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९८५ साली पेट्रोलमधलं शिसं ९० टक्क्यांनी कमी करण्याआधी जमाखर्च मांडला, तेव्हा फायदा खर्चाच्या कितीतरी पट निघाला. पैसा नसलेल्या देशातही हे जमतं, हे बांगलादेशानं दाखवलं. तिथल्या गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं कुठून येतं याचा शोध घेताना, समस्थानिकांच्या साहाय्यानं, माग हळदीपर्यंत गेला. १९८०च्या दशकातल्या महापुरात भिजलेली हळद काळवंडली, तेव्हा हळकुंडांना पॉलिश करताना लेड क्रोमेट हा पिवळा रंग लावायची पद्धत पडली, आणि पिवळंधमक हळकुंड जास्त भावानं विकलं जातं म्हणून ती टिकली. रंग लावणाऱ्या गिरणीवाल्यांतल्या पुष्कळांना तो इतका विषारी आहे हे ठाऊक नव्हतं. २०१९च्या अखेरीला सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेनं आणि संशोधकांनी बाजारात जाऊन हातात धरायच्या क्ष-किरण यंत्रानं नमुने तपासले, दोषी व्यापाऱ्यांना जागेवर दंड केला, आणि वर्तमानपत्रांतून, भित्तिपत्रकांतून लोकांना सांगितलं. २०१९मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं; २०२१मध्ये एकाही नमुन्यात नव्हतं, आणि हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसं सुमारे ३० टक्क्यांनी उतरलं. पाटण्याच्या बाजारातून घेतलेल्या हळकुंडांत त्याच संशोधकांना अन्नसुरक्षा मर्यादेच्या कित्येक पट शिसं आढळलं आहे. महाराष्ट्रात सांगलीसारखी हळदीची मोठी पेठ आहे, तिथं सौदे होतात, नमुने काढले जातात, प्रतवारी होते. ज्या टेबलावर हळकुंडाचा रंग आणि ओलावा पाहिला जातो, तिथंच शिसं पाहायला एक यंत्र आणि काही मिनिटं पुरतात. आपल्याकडे मुलांच्या नियमित तपासणीत हिमोग्लोबिन मोजलं जातं, वजन आणि उंची मोजली जाते, पण शिसं मोजण्याची पद्धत नाही. आणि मोजलं जात नाही तोवर आपल्या मुलांसाठीचा आकडा तोच राहणार, जो दुसऱ्या कुणी, दुसऱ्या मुलांकडे पाहून ठरवला आहे.